करंगळीवरचं मीठ

"डाळीले कमी, मासोळीले बरोबर."

असं म्हणून काका करंगळी पँटला पुसायचे. त्याआधी ती करंगळी त्यांनी माशांच्या टँकमध्ये बुडवून जिभेला लावलेली असायची. आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या मुली "ईऽ" करून तोंड फिरवायच्या. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "तुमच्या घरी भाजीची चव कोणी पाह्यते का नाही? मंग? हे माही भाजी हाय," म्हणायचे.

बुलडाण्यात राहत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. जुनी सायकल, कॅरिअरला बांधलेला प्लास्टिकचा डबा, आणि हँडलला लटकलेल्या चार-पाच लहान जाळ्या. देऊळघाटहून ते शहरात यायचे तेव्हा वाऱ्यावर त्या जाळ्या फडफडायच्या. प्रत्येक जाळीच्या दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा असायचा. लाल दोरा दातांच्या दवाखान्यातल्या टँकचा, निळा बसस्टँडजवळच्या लॉजचा, पिवळा आमच्या कॉलेजचा. एका टँकची जाळी त्यांनी दुसऱ्या टँकमध्ये घातलेली मी कधी पाहिली नाही. काम झालं की जाळी हँडलला अडकवायची, उन्हात कडकडीत वाळू द्यायची. "उन्हासारखा दवा नाही, अन् फुकट हाय," हे त्यांचं दुसरं वाक्य.

तरुणपणी ते मत्स्यबीज केंद्रात रोजंदारीवर होते. ते केंद्र बंद पडलं आणि काका शहरातल्या काचेच्या पेट्यांकडे वळले. दर मंगळवारी आणि शनिवारी ते आमच्याकडे यायचे.

मी त्यांना ओळखू लागले ती दुसऱ्या वर्षाला. विभागप्रमुख सरांनी मला प्रकल्प दिला होता: शोभेच्या माशांवरचे परजीवी, त्यांच्यावरचे उपचार आणि माशांची वाढ. पांढरा ॲप्रन घालून, हातात वही घेऊन मी टँकपाशी उभी राहिले. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय डॉक्टर, पेशंट कसे हायेत?"

मी म्हणाले, "मी डॉक्टर नाही. मला माशांचं निरीक्षण करायचं आहे."

"गाव कोणतं?"

"मोताळा."

"मोताळ्याची हाय अन् असं पुस्तकासारखं काऊन बोलून राह्यली वं?"

खरं सांगायचं तर त्या वर्षात मी तेच शिकत होते, पुस्तकासारखं बोलायला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात. वर्गात एकदा 'मले' म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरून हसू आलं होतं. त्यानंतर मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात एकदा म्हणून पाहायचे. काकांशी बोलतानाही तसंच. ते 'डॉक्टर' म्हणत राहिले आणि मी 'आहे', 'नाही', 'बरोबर आहे' अशी उत्तरं देत राहिले.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे गप्प उभं राहणं. टँकपुढे हात मागे बांधून पाच-दहा मिनिटं नुसतं पाहायचं. मी वहीत काहीतरी लिहायला लागले की म्हणायचे, "थांब. आधी पाह्य, मग लिह्य." त्यांनी मला दाखवलं की निरोगी मासोळी पंख पसरून पोहते आणि आजारी पंख अंगाशी मिटून घेते. आणि ती तळातल्या खड्यांवर अंग घासते. "आपल्याले पाठीत खाज आली का आपण दाराच्या चौकटीले पाठ घासतो का नाही, तसं."

आमच्या टँकमध्ये चौदा गोल्डफिश होते. त्यात एक पांढरीशुभ्र होती, फक्त डोक्यावर लाल ठिपका. मुली तिला टिकली म्हणायच्या. काका माशांची लांबी पट्टीने मोजायचे नाहीत. काचेला बाहेरून बोट लावायचे आणि पेरं मोजायचे. "टिकली दीड पेर. मागच्या महिन्यातही दीडच. अंगावर काहीतरी हाय तिच्या. खाल्लेलं अंगी लागून नाही राह्यलं." मी वहीत सेंटिमीटर लिहायचे.

ते खरं निघालं. डिसेंबरात आमच्याकडे थंडी कडक पडते. एका शनिवारी काका येऊन गेल्यावर टिकलीच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले, सोमवारपर्यंत ते पाच-सहा माशांवर गेले. मंगळवारी काका आले. पाहिलं, आणि कधी नव्हे ते ॲप्रनची बाही धरून मला जवळ ओढलं.

"आता नीट आयक, डॉक्टर. हा जो ठिपका दिसते, त्याच्यात किडा बसेल हाय, कातडीच्या खाली. तिथं तो जेवते. पोट भरलं का खाली पडते. तळाशी जाऊन एकाचे शेकडो होते, मग पुन्हा वर पोहत येते अन् मासोळी शोधते. कातडीखाली हाय तोवर त्याले दवा लागत नाही. तळाशी घर करून बसेल हाय तोवरही लागत नाही. पोहत असते तेवढ्या वेळातच मीठ त्याले मारते."

"म्हणजे ठिपके गेले की..."

"ठिपके गेले का पोट्टे म्हणते बरं झालं. अन् तिथंच मरते मासोळी. दिसत नाही म्हणजे गेलं नाही. शेवटचा ठिपका गेल्यावर दहा दिवस. मीठ तेवढंच ठेवजो, पाणी कोमट ठेवजो, हवेचा पंप बंद नको करजो. एक दिवसाआड तळ ओढजो."

त्यांनी बादलीत जाडं मीठ विरघळवलं, अर्ध्या दिवसात थोडं थोडं करून टँकमध्ये सोडलं, हीटर लावला. रबरी नळीने तळाचं पाणी कसं ओढून घ्यायचं ते माझ्या हाताने करवून घेतलं. जाताना करंगळी बुडवली, चाखली. "आता तू चाख."

मी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी दोन मुली उभ्या होत्या. मी बोट बुडवलं, पण जिभेला लावल्यासारखं केलं, लावलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

काका हसले. त्यांना कळलं होतं, असं मला आता वाटतं.

ठिपके चौथ्या दिवशी गेले.

आणि पुढच्या मंगळवारी कॉलेजच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येणार होती. सगळीकडे रंग, झाडलोट. सर टँकपाशी आले. काचेच्या कडेला मिठाची पांढरी पुटं चढली होती, पाणी निस्तेज दिसत होतं, हीटरची काळी वायर लोंबत होती. "हे जरा चमकवायला पाहिजे," सर म्हणाले. "प्रकल्प तुझा आहे ना? समितीपुढे तूच सांगायचं." आणि जाता जाता, "त्या काकांना म्हणावं, त्या दिवशी विभागात नका येऊ. सायकल, डबे, बरं नाही दिसत."

सरांनी मीठ काढ म्हटलं नव्हतं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. चमकव म्हटलं होतं. मीठ मी काढलं.

सगळं पाणी बदललं. हीटर काढून कपाटात ठेवला. हिरवी पाणवनस्पती आणून लावली, मीठ असतं तर ती जळून गेली असती. मासे स्वच्छ दिसत होते. मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं की ठिपके गेले की उपचार थांबवता येतो. दुसऱ्या तीन ठिकाणी उलट लिहिलं होतं, ते मी वाचून सोडून दिलं. वहीत लिहिलं: उपचार पूर्ण, परिणाम शंभर टक्के. मला तो शंभराचा आकडा फार आवडला होता.

काकांना येऊ नका असं सांगायचं काम माझ्याकडे होतं. सोमवारी फोन करून मी ते केलं. ते म्हणाले, "हाव, बरोबर हाय, मोठे लोक येऊन राह्यले." मग विचारलं, "मीठ चालू हाय नं?"

"हो," मी म्हणाले.

समितीतल्या एका मॅडमनी टँकपुढे थांबून मला विचारलं, "छान. ही पद्धत कुठून शिकलीस?"

मी सांगितलं, "इंटरनेटवरून, मॅडम." वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं होतं. बोलताना एकही चूक झाली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी काका आले नाहीत, नातेवाइकाच्या लग्नाला वरवट बकालला गेले होते. रविवारची सुट्टी. सोमवारी मी टँकपाशी गेले तर माशांच्या अंगावर रवा सांडल्यासारखं दिसत होतं. पाण्याच्या वरच्या थराशी येऊन ते तोंड उघडत होते. दोन तरंगत होते. मंगळवारी सकाळपर्यंत तेरा गेले. टिकली उरली, तीही एका कुशीवर कलंडलेली.

सरांनी काकांना आणि मला दोघांना बोलावलं. त्यांचा आवाज चढला होता. आठवड्यापूर्वी समितीने कौतुक केलेला टँक होता तो.

"काय हो, काय लक्ष देता तुम्ही? एक मासा नाही वाचवता आला?"

काका टँकपाशी गेले. करंगळी बुडवली, जिभेला लावली.

पाणी गोडं होतं. त्यांना एका क्षणात कळलं. मलाही कळलं की त्यांना कळलं. सरांना त्यातलं काहीच दिसलं नाही.

काका माझ्याकडे वळले आणि पाहत राहिले. रागाने नाही. टँकपुढे उभं राहून पाहायचे ना, तसं. हात मागे बांधून, घाई न करता, समोरचं कधी हलेल याची वाट पाहिल्यासारखं. तेवढा वेळ त्यांनी मला दिला होता. किती, ते सांगता येत नाही. भिंतीवरचा पंखा फिरत होता आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: आता प्रकल्प जाईल, सर पुन्हा बोलणार नाहीत, घरी काय सांगू? कॉलेजात चूक कबूल केल्यावर पुढे काय होतं, हे सांगणारं आमच्या घरी कुणी नव्हतं. मी ॲप्रनच्या खिशात हात घालून खाली पाहत राहिले.

"माह्याकडून राह्यलं असंल, सर," काका म्हणाले.

सर म्हणाले, आता येत जाऊ नका. काकांनी मान हलवली. मेलेले मासे एका पिशवीत घेतले, टिकलीला दुसऱ्या पिशवीत, पाण्यासकट. "तीही फेकून द्या," सर म्हणाले. "हो सर," म्हणाले काका, आणि ती पिशवी छातीशी धरून बाहेर पडले. मी दारात उभी होते. मला ओलांडून जाताना ते थांबले.

"येतो मॅडम," म्हणाले. "तुमची पिवळी जाळी तिथं खिळ्याले टांगली हाय."

त्या दिवसापर्यंत मी त्यांच्यासाठी 'डॉक्टर' होते आणि 'तू' होते.

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. महिन्याभरात दातांच्या दवाखान्याने दुसरा माणूस ठेवला. लॉजच्या मॅनेजरला कुणीतरी म्हणालं की कॉलेजातला रोग काकांच्या जाळीतून आपल्याकडे येईल. ज्या माणसाने एका टँकची जाळी आयुष्यात दुसऱ्यात बुडवली नाही, त्याच्याबद्दल हे म्हटलं गेलं. मी ते चहाच्या टपरीवर ऐकलं, चहा प्यायले, आणि तासाला गेले. माझ्या प्रकल्पाला चांगले गुण मिळाले.

सायकल रस्त्यावर दिसेनाशी झाली. मी मनाशी म्हणायचे, परीक्षा झाली की देऊळघाटला जाईन. परीक्षा झाली. मग निकाल लागला की. जून संपता संपता आमच्या विभागातल्या शिपाईमामांनी सांगितलं, "तो मासोळीवाला गेला नं. मे महिन्यात. छातीत दुखलं म्हणे."

पिवळ्या दोऱ्याची जाळी अजून खिळ्यालाच होती. ती पिशवीत घातली आणि बस पकडली.

घर शोधायला अडचण आली नाही. अंगणात सायकल उभी होती, तिच्या मागे सिमेंटचं बुटकं टाकं. काकू निवडण घेऊन दाराशी बसल्या होत्या. मी कॉलेजची आहे म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"डॉक्टर का? ते सांगत जायचे, एक पोट्टी हाय मोताळ्याची, डॉक्टर म्हणतो मी तिले. बस माय."

मी बसले. चहा आला. काकू बोलत होत्या.

"शेवटी शेवटी चुकत होते जरा. वय झालं होतं. तुमच्या कॉलेजात ते मीठ टाकायचं विसरले नं? मलेही तेच सांगतलं, माह्याकडून राह्यलं म्हणे. मी म्हणलं, चाळीस वर्षात नाही राह्यलं अन् आताच कसं राह्यलं? तर म्हणे, राह्यते एखाद्या वेळी. मग कामं गेली. मले वाटे, मनाले लावून घेतलं त्यायनं. आपली चूक माणसाले खाते."

घरीसुद्धा. त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांची बायको हे धरून बसली होती की चाळीस वर्षं मासे सांभाळणारा आपला माणूस शेवटी मीठ विसरला.

चहाचा कप माझ्या हातात होता. या वेळी मी वाक्य मनात म्हणून पाहिलं नाही.

"काकू, ते विसरले नव्हते. मीठ मी काढलं. त्यायनं विचारलं तं चालू हाय म्हणून खोटं सांगतलं. सरायपुढंही मी चूप बसली."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मला वाटलं, आता त्या जा म्हणतील, आणि मी उठायची तयारी केली.

"म्हणजे ते नव्हते चुकले," त्या म्हणाल्या. मला नाही, सायकलकडे पाहून.

मग उठल्या आणि टाक्यापाशी गेल्या. मीही मागे गेले. पाण्यात टिकली होती. आधी ओळखू आली नाही. काकांनी शिकवलं होतं तसं मी टाक्याच्या काठाशी बोट आडवं धरलं. तीन पेरं, आणि वर थोडी. वाचवली होती त्यांनी, वाढवलीही होती.

"दोन दिवसापासून अंग घासून राह्यली," काकू म्हणाल्या. "सिमेंटाले. काल मीठ टाकलं मी, पण मले अंदाज नाही. जीभ त्यायची होती."

मी वाकून पाहिलं. शेपटीच्या टोकाला एक पांढरा ठिपका होता. एकच.

"पाह्य बरं तू," काकू म्हणाल्या. सूर मऊ नव्हता. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

मी करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

"कमी हाय," मी म्हणाले.

त्यांनी आतून मिठाचा डबा आणला.

सरांनाही मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" दातांच्या दवाखान्यात आणि लॉजमध्ये जाऊनही सांगून आले. तिथे कुणी फारसं ऐकून घेतलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. ती सायकल तुम्ही पाहिली असेल आणि त्या माणसाबद्दल काही ऐकलं असेल, तर खरं घडलं ते असं होतं.

टिकलीचा ठिपका तिसऱ्या दिवशी गेला. मी तेराव्या दिवसापर्यंत देऊळघाटला जात राहिले. रोज तळ ओढायचा नव्हता, एक दिवसाआड पुरलं असतं, पण रोज गेले. शेवटच्या दिवशी पाणी चाखलं, पिवळी जाळी धुतली, आणि कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे पाहिलं. काकूंनी बोट दाखवलं. मी ती सायकलच्या हँडलला अडकवली. ऊन चांगलं पडलं होतं.